आगमनकालातलं घरचं वाचन: पहिल्यांदा सुरू करणाऱ्यांसाठी

नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाल. या दिवसांत रोज थोडं शास्त्र वाचा, मनाची तयारी करा, असं पाळक उपासनेत सांगतात आणि फादर मिस्सात सांगतात. कसं करायचं हे मात्र बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. माझ्या माहेरी हा शब्दच नव्हता. डिसेंबर लागला की घराला रंग, करंज्या, नवे कपडे आणि २५ तारखेला देवळात जाणं, एवढंच. लग्न होऊन कोल्हापुरात, कसबा बावड्यात आले तेव्हा पहिल्यांदा कळलं की सणाआधी वाट पाहण्याचाही एक काळ असतो.

मी पहिली तीन वर्षं सुरुवात केली आणि तिन्ही वर्षं पहिल्या आठवड्यातच वाचन सुटलं. चौथ्या वर्षी माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्तींच्या, डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यांना महिनाभर वाचता येईना, म्हणून मी त्यांना रोज वाचून दाखवू लागले. ते मात्र टिकलं. गेली नऊ वर्षं आमच्या घरी हे वाचन चालू आहे. नुकतेच प्रभूकडे आलेले, लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेले, किंवा ज्यांच्या मंडळीत आगमनकाल पाळत नाहीत पण स्वतःला पाळायचा आहे, अशांसाठी हे सगळं लिहिते आहे. माझी तीन वर्षं ज्यात गेली ते तुमचं तीन दिवसांत उरकावं एवढीच इच्छा.

१. आधी तारीख काढा

नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला, पण आगमनकालाची सुरुवात दर वर्षी सरकते. नियम सोपा आहे. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार तो पहिला. म्हणून हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मध्येच येतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबरला आणि २०२८ मध्ये ३ डिसेंबरला. त्यामुळे हा काळ कधी २२ दिवसांचा होतो, कधी २८. (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला झाली, तो दिवसही आगमनकालाचा पहिला रविवारच होता. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं.)

तारीख घरच्या कालदर्शिकेवर लाल पेनानं लिहून ठेवा. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच हा रविवार येतो आणि लक्षात येईपर्यंत पहिला आठवडा निघून गेलेला असतो. माझं पहिलं वर्ष असंच गेलं.

२. सामान जमवा

फार काही लागत नाही. पहिल्या रविवारच्या आधी एवढं हाताशी असू द्या:

- मोठ्या अक्षरांचं मराठी पवित्र शास्त्र. घरात सगळे एकाच आवृत्तीतून वाचणार असाल तर उत्तम.
- शाळेची शंभर पानी वही आणि पेन्सिल.
- चार मेणबत्त्या, जमल्यास तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. शिवाय एक पांढरी.
- एक खोलगट ताट किंवा जुनी परात, आणि वाळू.
- वाचायचे शास्त्रभाग ज्यावर लिहिले आहेत असा एक कागद. तो शास्त्रातच ठेवायचा.

मोबाईलवर मराठी शास्त्र वाचता येतं. यूव्हर्जन ॲपमध्ये ते फुकट मिळतं, प्रवासात उपयोगीही पडतं. पण घरी बसून वाचताना छापील पुस्तकच घ्या, हे मी आग्रहानं सांगेन. फोन हातात असला की मधे कुणाचा तरी निरोप येतो आणि यशया तिथंच राहतो.

पुस्तिकांबद्दल एक इशारा. नाताळाच्या आधी रोजच्या मननाच्या पुस्तिका मिळतात, काही चांगल्या असतात. पण बऱ्याचशा बाहेरून भाषांतर होऊन आलेल्या असतात. त्यांत बर्फ असतो, शेकोटीशेजारची आरामखुर्ची असते, आणि शास्त्राचं एक वचन वर लिहून खाली दोन पानं गोष्ट असते. दुसऱ्या वर्षी मी अशीच एक घेतली. चार दिवसांनी लक्षात आलं की मी गोष्ट वाचते आहे, वचन नाही. पुस्तिका घ्यायची असेल तर जरूर घ्या, मात्र आधी शास्त्र वाचा, पुस्तिका नंतर.

३. वेळ ठरवा आणि ती लहान ठेवा

दहा ते पंधरा मिनिटं. त्याहून जास्त ठरवू नका. पहिल्या उत्साहात रोज एक तास ठरवलेली माणसं मंगळवारी थांबतात.

कोणती वेळ, हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे. संध्याकाळची वेळ डिसेंबरमध्ये दगा देते. कॅरलची मंडळी घरोघर फिरत असतात, संडे स्कूलच्या कार्यक्रमाची तालीम असते, राजारामपुरीत नाहीतर महाद्वार रोडला खरेदी असते. आम्ही पहाटे साडेपाचला बसतो. बावड्यात त्या वेळी उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे निघालेल्या असतात आणि हवेत मळीचा वास भरलेला असतो. चहा मी वाचन झाल्यावरच ठेवते. आधी ठेवला की लक्ष गॅसकडे राहतं.

जागाही एकच असू द्या. आमची स्वयंपाकघरातल्या खिडकीशेजारची आहे.

४. काय वाचायचं ते आधीच लिहून काढा

लोक सर्वांत जास्त अडखळतात ते इथं. रोज सकाळी शास्त्र उघडून "आज काय वाचू" म्हणत बसाल तर चौथ्या दिवशी बंद पडेल. म्हणून सगळे भाग आधीच कागदावर उतरवा.

एक पद्धत पुष्कळजण सांगतात. लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत, म्हणून १ डिसेंबरपासून रोज एक अध्याय. लूक पूर्ण वाचायचा असेल तर छान आहे. मी मात्र ती आगमनकालासाठी सुचवत नाही. दुसऱ्याच दिवशी बाळ जन्माला येतं आणि नाताळाच्या आदल्या दिवशी आपण रिकाम्या कबरेपाशी पोचलेलो असतो. वाट पाहायची राहूनच जाते. या दिवसांत बेथलेहेमला लवकर पोचू नये, असं मला मनापासून वाटतं. लूकचा दुसरा अध्याय २४ च्या रात्रीपर्यंत उघडूच नका.

मी जो क्रम वापरते तो असा. (आधी पुस्तकाचं नाव, मग अध्याय, मग वचनं.)

*पहिला आठवडा, जागं राहण्याचा.* यशया २:१-५, यशया ६४:१-९, स्तोत्र २५, स्तोत्र १३०, मत्तय २४:३६-४४, रोमकरांस पत्र १३:११-१४. पहिल्यांदा वाचणाऱ्याला इथं धक्का बसतो. नाताळाची तयारी म्हणून बसलो आणि मत्तय तर प्रभूच्या दुसऱ्या येण्याबद्दल बोलतोय, हे काय? चूक झालेली नाही. आगमनकालात दोन्ही येण्यांची वाट पाहायची असते, गव्हाणीतल्या येण्याची आणि शेवटच्या येण्याचीही. तो दिवस आणि ती घटका कुणाला ठाऊक नाही, हे वाक्य मला कळलं ते आमच्या मळ्यावर. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. तोडीची टोळी अमुक दिवशी येईल असं चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा माणूस, सांगतो, पण ती त्याच दिवशी येईल याची खात्री नसते. मग शेतकरी काय करतो? रानाचं पाणी आधीच तोडतो, म्हणजे उसात साखर भरते, ट्रॉली आत येण्याएवढी वाट मोकळी करून ठेवतो, आणि रात्री ट्रॅक्टरचा आवाज आला की उठून बसतो. माझे सासरे असे उठून बसायचे. जागृत राहा म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडे बघून समजलं.

*दुसरा आठवडा, वाट तयार करण्याचा.* यशया ४०:१-११, मलाखी ३:१-४, मार्क १:१-८, लूक ३:१-१८, यशया ११:१-१०, स्तोत्र ८५. लूक ३ मधला बाप्तिस्मा करणारा योहान कडक बोलतो. त्याला वगळू नका. लोक त्याला विचारतात, आम्ही काय करावं? तो म्हणतो, दोन अंगरखे असतील तर ज्याला नाही त्याला एक द्या. आमच्याकडे त्या दिवशी कपाट उघडलं जातं. थंडी असते, ऊसतोडीला आलेली कुटुंबं पालात नाहीतर खोपीत राहत असतात. त्यांच्यात बीडकडून आलेलीही असतात, लहान लेकरं बरोबर असतात. ठेवणीतली चादर द्या. जुनेर देऊ नका.

*तिसरा आठवडा, आनंदाचा.* यशया ३५, सफन्या ३:१४-२०, यशया ६१:१-४, फिलिप्पैकरांस पत्र ४:४-७, मत्तय ११:२-११. हा आठवडा पुरा मिळत नाही, कारण १७ डिसेंबरपासून क्रम बदलतो (ते पुढं सांगते). २०२८ सारख्या वर्षी तिसरा रविवारच १७ तारखेला येतो आणि या यादीला एकही दिवस उरत नाही. तेव्हा हे भाग जेवढे दिवस मिळतील तेवढेच घ्या. एकच दिवस असेल तर यशया ३५ घ्या.

*रविवार.* रविवारी वेगळं काही ठरवू नका. देवळात जो शास्त्रपाठ झाला तोच घरी संध्याकाळी पुन्हा वाचा. ज्या मंडळ्या ठरलेल्या शास्त्रपाठांचा क्रम पाळतात त्यांच्यात तीन वर्षांचं चक्र असतं. एक वर्ष मत्तयाचं, एक मार्काचं, एक लूकचं. हे वर्ष १ जानेवारीला बदलत नाही, आगमनकालाच्या पहिल्या रविवारी बदलतं. २०२६ च्या आगमनकालापासून मार्काचं वर्ष लागतं. तुमच्या मंडळीत हा क्रम आहे की नाही हे पाळकांना किंवा फादरांना सरळ विचारा. कोल्हापुरात ख्रिस्ती सेवेची सुरुवात १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यानं केली, त्याच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च आजही इथं आहे. प्रेस्बिटेरियन परंपरेत असे ऋतू पाळण्यावर जुन्या काळी फारसा भर नव्हता. म्हणून जुन्या घरांतली वडीलधारी मंडळी "हे आपल्यात नाही" म्हणाली तर वाद घालू नका. शास्त्र वाचायला त्यांचीही ना नसते.

आकड्यांचा एक घोळ होतो तोही सांगून ठेवते. काही आवृत्त्यांत वचनांचे क्रमांक एकानं पुढंमागं असतात. अंधकारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला, हे यशयाच्या नवव्या अध्यायातलं वचन कुठं दुसरं असतं, कुठं पहिलं. मीखाच्या पाचव्या अध्यायातही तसंच. आणि कॅथलिक शास्त्रात बारूखासारखी काही पुस्तकं जास्तीची आहेत, ती तुमच्या शास्त्रात सापडली नाहीत तर घाबरू नका.

५. मोठ्यानं वाचा, आणि एका शब्दावर थांबा

एकटे असलात तरी मोठ्यानं वाचा. आपल्या भाषेत अभंग, ओवी, पोथी सगळं कानासाठीच लिहिलं गेलं. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात मराठी ओव्यांत रचलेलं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. तेही मोठ्यानं वाचून दाखवायलाच रचलेलं. मनातल्या मनात वाचताना डोळा पुढं पळतो. आवाज पळू शकत नाही.

पद्धत अशी:

पहिल्यांदा भाग सलग वाचा. अर्धा मिनिट गप्प बसा. दुसऱ्यांदा सावकाश वाचा, आणि जो शब्द अडवेल तिथं थांबा. "यातून मला काय शिकायचं" असा प्रश्न लगेच विचारू नका, त्यानं वाचन शाळेच्या धड्यासारखं होतं. आधी विचारा, हे दिसतं कसं? मग त्यावरून जे देवाशी बोलावंसं वाटेल ते बोला. शेवटी पुन्हा गप्प. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या साधूनं याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. आपल्याकडं श्रवण, मनन, निदिध्यासन म्हणतात, त्यामुळं मराठी माणसाला हे परकं वाटू नये.

"हे दिसतं कसं" हा प्रश्न मला आत्तींनी शिकवला. त्या शिकलेल्या चौथीपर्यंत, पण लूकचे पहिले दोन अध्याय त्यांना तोंडपाठ आहेत. त्या वर्षी मी २४ च्या रात्री वाचत होते. बाळाला बाळंत्यानं गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, इथवर आले आणि त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "सूनबाई, गव्हाणीत काय होतं?" मी म्हटलं, "गवत असेल." त्या म्हणाल्या, "असेल काय? बघून ये की."

दुसऱ्या दिवशी, नाताळाचीच दुपार होती, आम्ही मळ्यावर गेलो तेव्हा मी खरंच गोठ्यात जाऊन पाहिलं. दगडी गव्हाण. कडा जनावरांच्या गळ्यांनी घासून घासून गुळगुळीत झालेल्या. आत उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याची हिरवी पानं, अर्धं चघळलेलं, लाळेनं ओलं. हात घातला तर तळाशी ऊब होती, कारण म्हैस नुकतीच तोंड काढून उभी राहिली होती. वाड्याची कड ब्लेडसारखी असते, माझ्या बोटाला चिरा पडला. एवढ्या वर्षांत चित्रांतली गव्हाण मी पाहिली होती, पिवळ्या मऊ पेंढ्याची. मरीयेनं बाळाला ठेवण्याआधी आतली वैरण बाजूला सारली असेल, तळ हातानं चाचपून पाहिला असेल, हे मला त्या दिवशी समजलं. मराठी शास्त्रात बाळंतं आहे, गव्हाण आहे, उतारशाळा आहे. हे सगळे आपल्या घरातले शब्द आहेत, त्यांच्यावरून घाईनं जाऊ नका.

यशयाच्या अकराव्या अध्यायाचंही तसंच. इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल, असं तिथं आहे. इशाय हा दाविद राजाचा बाप. दाविदाचं राजघराणं तोडलेल्या झाडासारखं झालं होतं, नुसता बुंधा उरला होता, त्यातून कोंब येईल असं संदेष्टा सांगतो. शहरातल्या मुलांना हे समजावताना जीव मेटाकुटीला येतो. डिसेंबरमध्ये एखाद्या तुटलेल्या उसाच्या रानात त्यांना घेऊन जा. ऊस गेलेला, पाचट पसरलेलं, जमिनीलगत छाटलेले बुडखे. बघणाऱ्याला वाटतं इथं आता काही नाही. पंधरवड्यानं पुन्हा जा. प्रत्येक बुडख्याला हिरवी टोकं आलेली असतात. खोडवा म्हणतात ते हेच. मी भाच्याला तिथं उभं करून तो अध्याय वाचून दाखवला. त्यानं काही विचारलं नाही, वाकून एक कोंब बोटानं दाबून पाहिला.

६. वहीत दोन ओळी

तारीख, शास्त्रभाग, अडवणारा शब्द, आणि एक ओळ प्रार्थना. बस. प्रवचन लिहू नका. दुसऱ्या वर्षी तीच वही काढा, गेल्या वर्षी त्याच भागात कोणता शब्द अडला होता ते दिसतं.

७. मेणबत्त्यांचं कडं

हे वाचनाला आवश्यक नाही, पण घरात मुलं असतील तर करा. मेणबत्त्यांचं असं कडं १८३९ मध्ये योहान हिन्रिख विखर्न यांनी हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी सुरू केलं. नाताळ किती दिवसांवर आला असं मुलं सारखी विचारायची म्हणून. दर रविवारी एक वाढवायची. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी जांभळी, तिसऱ्या रविवारी आनंदाची म्हणून गुलाबी. मधली पांढरी नाताळाची.

परातीत दोन इंच ओली वाळू घाला, तीत मेणबत्त्या रोवा, भोवती सुरूच्या किंवा कोणत्याही हिरव्या फांद्या लावा. फांद्या आठवड्याला बदला. मी एका वर्षी हौसेनं पाचटाची चुंबळ वळून तिच्यात मेणबत्त्या बसवल्या. दिसायला सुंदर झाली. तिसऱ्या रविवारी तिनं पेट घेतला, टेबलक्लॉथ जळाला आणि आत्तींच्या पदरापर्यंत झळ आली. वाळलेलं काहीही मेणबत्तीजवळ नको. वाचन संपलं की आधी मेणबत्ती विझवायची, मग उठायचं.

८. १७ ते २४ डिसेंबर: वेग आणखी कमी करा

१७ तारखेपासून यादी बाजूला ठेवा आणि तारखेप्रमाणे चला. कॅथलिक मंडळीत मिस्साची शुभवर्तमानं याच क्रमानं येतात, आणि कोणत्याही मंडळीतल्या माणसाला तो उपयोगी आहे:

१७ ला मत्तय १:१-१७
१८ ला मत्तय १:१८-२५
१९ ला लूक १:५-२५
२० ला लूक १:२६-३८
२१ ला लूक १:३९-४५
२२ ला लूक १:४६-५६
२३ ला लूक १:५७-६६
२४ च्या सकाळी लूक १:६७-७९

१७ ची वंशावळ पाहून लोक पान उलटतात. उलटू नका. नावं मोठ्यानं वाचा, जीभ अडखळली तरी चालेल. त्या पुरुषांच्या रांगेत मरीयेच्या आधी चार बायका येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. चौघींच्याही कथा अडचणीच्या आहेत, लोकांनी कुजबुजावं अशा. प्रभूच्या वंशावळीत त्यांना लपवलेलं नाही. आमच्या घरी एक पाहुणी होती, नवऱ्यानं टाकलेली, ती त्या दिवशी आमच्याबरोबर बसली होती. वाचन झाल्यावर तिनं शास्त्र स्वतःकडं ओढून घेतलं आणि ती चार नावं बोट ठेवून पुन्हा वाचली.

१९ आणि २३ ही जोडी आहे. योहानाचा बाप जखऱ्या देवदूताच्या निरोपावर विश्वास ठेवत नाही म्हणून मुका होतो, आणि मुलगा जन्मून आठ दिवस होईपर्यंत मुकाच राहतो. मग पाटी मागून घेतो आणि "याचे नाव योहान" असं लिहितो. या दोन तारखांच्या मधे आम्ही घरात टीव्ही लावत नाही. पहिल्या वर्षी मुलांनी कुरकुर केली, आता तीच आठवण करतात.

याच दिवसांसाठी पश्चिमेकडच्या मंडळीत फार जुन्या काळापासून सात हाका चालत आल्या आहेत, १७ ते २३, रोज संध्याकाळी एक: हे ज्ञाना, हे प्रभो, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उगवत्या सूर्या, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल. प्रत्येकीच्या शेवटी "ये" अशी विनवणी आहे. मूळ लॅटिन हाकांची पहिली अक्षरं शेवटाकडून वाचली तर "एरो क्रास" असे शब्द होतात, म्हणजे "उद्या मी असेन". त्या दिवशीची हाक एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा, आणि दिवे लागणीच्या वेळी सगळ्यांनी मिळून एकदा म्हणा. याला अर्धं मिनिट लागतं. दिवसभरात काहीच वाचून झालं नसेल तर एवढं तरी होतंच.

९. खंड पडला तर

पडतोच. कुणी आजारी पडतं, पाहुणे येतात, कारखान्याला ड्युटी लागते. सुटलेले भाग भरून काढायला बसू नका. हे पारायण नाही, अमुक दिवसांत अमुक अध्याय पुरे झालेच पाहिजेत असा इथं नेम नाही. ज्या दिवशी परत बसाल त्या दिवसाचा भाग वाचा, मागचे सोडून द्या. तिसऱ्या वर्षी मी चार दिवसांचे भाग एका रात्रीत वाचायला बसले आणि दुसऱ्या दिवसापासून शास्त्राकडं बघवेना.

तसंच मोबाईलवर फुलांच्या चित्रावर आलेलं वचन पुढं पाठवलं म्हणजे आजचं वाचन झालं, असं धरू नका. वचन चांगलंच असतं, पण ते कुठून आलं, आधी काय होतं, नंतर काय झालं, हे त्यात नसतं.

१०. घरातले सगळे बसत नसतील

बसवू नका. नव्यानं विश्वासात आलेल्या बऱ्याचजणांच्या घरी बाकीचे ख्रिस्ती नसतात. तिथं मोठ्यानं वाचणं अवघड जात असेल तर ओठ हलवत पुटपुटा, नाहीतर गच्चीवर जा. रंकाळ्याच्या काठी पहाटे फिरायला जाणारी माझी एक मैत्रीण बाकावर बसून वाचते. सासरच्यांना आधी सांगून टाका की पंधरा मिनिटं मी वाचत असेन. लपवल्यानं संशय वाढतो.

लहान मुलांना सगळा भाग देऊ नका. दोन वचनं, आणि "हे दिसतं कसं" हा प्रश्न. म्हाताऱ्या माणसांना वाचायला सांगण्याऐवजी त्यांना वाचून दाखवा, आणि ती मधे बोलली तर बोलू द्या.

११. २४ ची रात्र

देवळातून परत आलात की झोपण्याआधी पांढरी मेणबत्ती लावा. आता लूक २:१-२० उघडा. शक्य असेल तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला वाचू द्या. आमच्याकडं आत्ती म्हणतात, पुस्तक न उघडता, आणि गव्हाणीच्या वचनापाशी आल्या की माझ्याकडं बघून थांबतात. मी सांगते, "वाडं होतं." मग त्या पुढचं म्हणतात.

२५ ला सकाळी योहान १:१-१४ वाचा, आणि वही कपाटात ठेवून द्या.